केवलवाचन मूळ फाइल-प्रणाली

केवलवाचन मूळ फाइल-प्रणाली : युनिक्स व तत्सम परिचालन प्रणालींमध्ये सर्व फाइली व निर्देशिका एकाच मुळापासून फुटलेल्या वृक्षाप्रमाणे मांडलेल्या असतात. या वृक्षाच्या मुळाशी असलेली फाइल-प्रणाली केवळ वाचता येते, परंतु तीवर काहीही लिहिता येत नाही, अशा अवस्थेला ही संज्ञा लावतात. ही अवस्था पुष्कळदा हेतुपुरस्सर निर्माण केलेली असते व तेव्हा ती दोष नव्हे. तथापि चालू असलेला संगणक आपण होऊन या अवस्थेत गेला, तर ते बहुधा साठवण-साधनातील बिघाडाचे किंवा फाइल-प्रणालीच्या अंतर्गत नोंदींतील विसंगतीचे लक्षण असते. अशा वेळी कोणती कृती आधी व कोणती नंतर केली जाते, यावर संगणकातील माहिती परत मिळणे किंवा कायमची नष्ट होणे अवलंबून असते.

युनिक्स ही प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांमध्ये केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केली. निरनिराळ्या साधनांना निरनिराळी अक्षरे देण्याऐवजी तीत एकच वृक्ष मानतात व त्याचे मूळ ‘/’ या चिन्हाने दर्शवितात. इतर तबकड्या किंवा त्यांचे विभाग या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर जोडले जातात. या क्रियेला ‘माउंट करणे’ म्हणतात. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सने, तसेच बर्कली परंपरेतील प्रणालींनी हीच योजना स्वीकारली. जोडताना प्रत्येक फाइल-प्रणाली वाचन-लेखन अथवा केवलवाचन यांपैकी कोणत्या प्रकारे वापरावयाची ते ठरविले जाते. मूळ फाइल-प्रणाली मात्र इतर सर्वांचा आधार असल्याने संगणक चालू असेपर्यंत ती काढून घेता येत नाही. तिच्या दुरुस्तीतील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उद्‌भवतात.

अंतर्गत रचना : दोषाचे स्वरूप कळण्यासाठी फाइल-प्रणालीची घडण थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. प्रत्येक फाइलीसाठी ‘आयनोड’ नावाची एक नोंद असते. फाइलीचा मालक, परवानग्या, आकार आणि तिची माहिती तबकडीच्या कोणकोणत्या खंडांत आहे हे तीत असते, परंतु फाइलीचे नाव नसते. नाव व आयनोडचा क्रमांक यांची जोडी निर्देशिकेत असते. कोणते खंड व आयनोड रिकामे आहेत हे दाखविणारे नकाशे वेगळे असतात आणि संपूर्ण प्रणालीचे वर्णन ‘सुपरब्लॉक’ या मुख्य नोंदखंडात साठविलेले असते. एक फाइल निर्माण करावयाची, तरी या सर्व ठिकाणी बदल करावे लागतात. ते पुरे होण्यापूर्वी विद्युत् पुरवठा खंडित झाला, तर नोंदी परस्परांशी जुळत नाहीत. हे टाळण्यासाठी १९९० नंतरच्या बहुतेक फाइल-प्रणालींत करावयाचे बदल प्रथम ‘जर्नल’ नावाच्या नोंदवहीत लिहितात व मग मूळ जागी उतरवितात. लिनक्सवरील ईएक्सटी२ (१९९३) या प्रणालीत जर्नल नव्हते. ते ईएक्सटी३ मध्ये आले (२००१) व ईएक्सटी४ मध्ये (२००८) कायम राहिले.

जर्नलमुळे अर्धवट राहिलेले बदल सावरता येतात. परंतु तबकडीने चुकीची माहिती परत दिली, संगणकाच्या स्मृतीत दोष असला किंवा आज्ञावलीतच चूक असली, तर जर्नलचा उपयोग होत नाही. समजा, रिकाम्या खंडांचा नकाशा बिघडला व एका जुन्या फाइलीचा खंड रिकामा असल्याचे तो दाखवू लागला. नवी फाइल लिहिताना कर्नेल तोच खंड तिला देईल आणि जुन्या फाइलीवर नव्या फाइलीची माहिती चढेल. लेखन जितके अधिक चालू राहील, तितकी हानी पसरत जाईल. म्हणून विसंगती आढळताच लेखन थांबविणे हा कर्नेलने घेतलेला सावध पवित्रा आहे. केवलवाचन अवस्था हा रोग नसून रोग आवरण्याचा उपाय आहे. ती अडचण समजून घाईने दूर करणारा माणूस बहुधा स्वतःचेच नुकसान करून घेतो.

ईएक्सटी कुळातील प्रणालींमध्ये दोष आढळल्यास काय करावे याचे तीन पर्याय असतात : दुर्लक्ष करून काम पुढे चालू ठेवणे, केवलवाचन अवस्थेत जाणे किंवा संपूर्ण संगणक थांबविणे. हा पर्याय सुपरब्लॉकमध्ये नोंदविता येतो, तसेच ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘एफएसटॅब’ या फाइलीतही देता येतो. डेबियन व तिच्यापासून निघालेल्या वितरणांमध्ये मूळ फाइल-प्रणालीसाठी दुसरा पर्याय स्थापनेच्या वेळीच लिहिला जातो. जर्नलमध्येच लिहिता आले नाही, तर मात्र पहिला पर्याय दिलेला असला तरी पुढील लेखन बंद पडते.

लक्षणे : या अवस्थेतील संगणक वरवर पाहता चालू असतो. आधीपासून स्मृतीत असलेले कार्यक्रम काम करीत राहतात, जाळ्यावरून प्रवेशही पुष्कळदा मिळतो व फाइली वाचता येतात. परंतु संपादकात केलेले बदल साठविता येत नाहीत, टपाल स्वीकारले जात नाही आणि आधारसामग्रीचे व्यवहार अडतात. बॅश या आज्ञा-अर्थविवरकाला तात्पुरती फाइल करता न आल्याने साध्या वाटणाऱ्या आज्ञाही अपयशी ठरतात. कर्नेल अशा प्रत्येक प्रयत्नाला लिनक्समध्ये ३० क्रमांकाचा दोषसंकेत परत करते. जागा संपल्याचा संकेत २८ व परवानगी नाकारल्याचा १३ असतो. या तिन्हींत गल्लत होणे हा नवशिक्यांचा नेहमीचा अनुभव आहे. त्यातही जागा शिल्लक असूनही आयनोड संपल्यामुळे २८ क्रमांकाचा संकेत मिळू शकतो. म्हणून ‘डीएफ’ ही आज्ञा खंड व आयनोड या दोहोंसाठी चालवून पाहावी.

प्रणाली खरोखर कोणत्या अवस्थेत आहे हे कर्नेलच्या स्वतःच्या यादीवरून, म्हणजे ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘माउंट्स’ या फाइलीवरून ठरवावे. पूर्वी ‘माउंट’ ही आज्ञा ‘एमटॅब’ नावाची साधी फाइल वाचून उत्तर देत असे. ही फाइल मूळ फाइल-प्रणालीवरच असल्याने प्रणाली केवलवाचन झाल्यावर तीत तशी नोंद करणेच अशक्य होई, व जुनी ‘वाचन-लेखन’ ही नोंद तशीच दिसत राही. आता एमटॅब ही बहुधा कर्नेलच्या यादीकडे नेणारी केवळ एक कडी असते.

पुरावा राखणे : चालू संगणक अचानक केवलवाचन झाल्यास सर्वांना प्रथम सुचणारा उपाय म्हणजे तो बंद करून पुन्हा सुरू करणे. हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. कारण दोष कशामुळे उद्‌भवला, कोणत्या साधनावर व कोणत्या खंडावर उद्‌भवला, याची हकिगत कर्नेलच्या संदेशांत असते. हे संदेश स्मृतीतील एका मर्यादित वर्तुळाकार साठ्यात राहतात व तेथून तबकडीवरील नोंदवहीत उतरविले जातात. नोंदवही मूळ फाइल-प्रणालीवरच असल्यास ती ज्या क्षणी केवलवाचन झाली, त्या क्षणापासून त्यात काहीही उतरत नाही. म्हणजे नेमका महत्त्वाचा मजकूर फक्त स्मृतीत उरतो आणि संगणक बंद केला की नाहीसा होतो. साठा वर्तुळाकार असल्याने नुसते थांबून राहिले, तरीही नव्या संदेशांखाली जुने संदेश पुसले जातात.

यासाठी प्रथम ‘डीमेसेज’ या आज्ञेने संदेश वाचावेत व ते सुरक्षित ठिकाणी उतरवून घ्यावेत. मूळ प्रणालीवर लिहिता येत नसले, तरी ‘रन’ किंवा ‘शेम’ यांसारख्या निर्देशिका स्मृतीवर आधारलेल्या असल्याने त्यांत लिहिता येते. मात्र तेही संगणक बंद होताच जाणार असल्याने प्रत जाळ्यावरून दुसऱ्या संगणकावर पाठविणे उत्तम. काहीच साधले नाही, तर पडद्याचे छायाचित्र काढावे. ईएक्सटी४ मध्ये थोडा दिलासा असा की, पहिला व शेवटचा दोष केव्हा आढळला आणि एकूण किती वेळा आढळला याची नोंद शक्य असल्यास सुपरब्लॉकमध्ये केली जाते व नंतर ती वाचता येते.

संदेश वाचताना क्रमाकडे लक्ष द्यावे. फाइल-प्रणालीच्या तक्रारीपूर्वी साधनाच्या वाचन-लेखनातील दोष, प्रतीक्षा संपल्याचे किंवा दुवा पुन्हा जोडल्याचे संदेश असतील, तर मूळ कारण यंत्रसामग्रीत आहे. त्यांपैकी काहीही नसताना थेट फाइल-प्रणालीची तक्रार आढळली, तर विसंगती जुनी असून आता कोठे उघडकीस आली असावी. ‘एमर्जन्सी रिमाउंट’ असा संदेश असेल, तर कोणीतरी कळफलकावरील आणीबाणीची कळसंगती वापरली आहे व बिघाड काहीच नाही.

यंत्रसामग्रीची तपासणी : बहुतेक तबकड्या आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवतात. ‘स्मार्ट’ या नावाने ओळखली जाणारी ही नोंद ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने पाहता येते. एटीए प्रकारच्या तबकड्यांत गुण क्रमांक ५ हा बदलून घेतलेल्या क्षेत्रांची, १९७ हा संशयित क्षेत्रांची व १९८ हा वाचता न येणाऱ्या क्षेत्रांची संख्या दर्शवितो. हे आकडे वाढत असतील, तर तबकडी मरणपंथाला लागली आहे असे समजावे. याउलट १९९ हा गुण वाढत असेल, तर दोष बहुधा तारेत किंवा जोडणीत असतो आणि काही रुपयांची तार बदलल्याने काम भागते. स्मार्ट नोंद निर्दोष दिसली म्हणून तबकडी निर्दोष ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कचकड्याएवढ्या स्मृतिपत्रांवर चालणाऱ्या लहान संगणकांत हा दोष विशेष आढळतो. अशा पत्रांतील पेशींची लेखनक्षमता मर्यादित असते व ती संपल्यावर काही पत्रे लेखन नाकारतात. काही तर लेखन स्वीकारल्याचे दाखवून प्रत्यक्षात काहीच साठवीत नाहीत. दुसऱ्या प्रकारचे पत्र अधिक फसवे असते, कारण दुरुस्ती यशस्वी झाल्याचे दिसते आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर तोच दोष जसाच्या तसा समोर येतो. अशा पत्राची दुरुस्ती करीत बसण्यात अर्थ नाही. त्यावरील माहिती उतरवून घेऊन ते टाकून द्यावे.

आभासी संगणकांमध्ये तबकडी प्रत्यक्ष जवळ नसते, तर जाळ्यापलीकडील साठवण-यंत्रणेत असते. तिच्याशी असलेला संपर्क काही काळ तुटला किंवा ती अतिभाराने मंद झाली, तर लिनक्स ठराविक मुदतीपर्यंत (एससीएसआय साधनांसाठी सामान्यतः ३० सेकंद) वाट पाहून व पुन्हा प्रयत्न करून अखेर लेखन अयशस्वी झाल्याचे ठरवते. येथे तबकडी बिघडलेली नसते. एकाच वेळी अनेक आभासी संगणक केवलवाचन झाले, तर दोष त्यांच्यात न शोधता सामाईक साठवण-यंत्रणेत शोधावा. अशा स्थापनांत ही मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढविण्याची प्रथा आहे.

सुरुवातीच्या वेळचा दोष : संगणक सुरू होताना मूळ फाइल-प्रणाली पुष्कळदा जाणूनबुजून प्रथम केवलवाचन जोडली जाते. मग तिची तपासणी होते व ती ठीक आढळल्यास एफएसटॅबमधील नोंदीनुसार वाचन-लेखन अवस्थेत आणली जाते. या साखळीतील कोणताही दुवा निखळला, तर प्रणाली केवलवाचनच राहते. एफएसटॅबमध्ये विभागाचा ओळखक्रमांक चुकीचा लिहिणे हे याचे अगदी नित्याचे कारण होय. येथे एक गमतीदार कोंडी होते : चूक सुधारण्यासाठी फाइल लिहावी लागते, आणि ती फाइल ज्या प्रणालीवर आहे तिच्यावर चुकीमुळेच लिहिता येत नाही. ‘माउंट’ या आज्ञेला ‘रिमाउंट’ व ‘आरडब्ल्यू’ हे पर्याय देऊन मूळ प्रणाली वाचन-लेखन अवस्थेत पुन्हा जोडल्यास ही कोंडी फुटते. फ्रीबीएसडीमध्ये याच कामासाठी ‘यू’ हा पर्याय वापरतात. ओळखक्रमांक ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने पडताळून पाहावा व नोंद दुरुस्त करावी.

हीच आज्ञा चालू संगणकावर दोष उद्‌भवल्यानंतर देणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. जर्नल सोडून दिलेल्या ईएक्सटी४ प्रणालीच्या बाबतीत कर्नेल ती बहुधा नाकारते, व ते योग्यच आहे. अन्य काही प्रसंगी ती मान्य होते, आणि संगणक सुरळीत झाल्याच्या समजुतीत बिघडलेल्या नकाशांवर पुन्हा लेखन सुरू होते.

दुरुस्ती : सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये (१९७९) आयनोड व निर्देशिका तपासण्यासाठी ‘आयचेक’ व ‘डीचेक’ असे स्वतंत्र कार्यक्रम होते. त्यांनी दाखविलेल्या दोषांचा अर्थ लावून हाताने दुरुस्ती करणे हे जाणकाराचे काम असे. पुढे त्यांची जागा ‘एफएससीके’ या एकाच कार्यक्रमाने घेतली. ईएक्सटी कुळासाठी असलेली त्याची आवृत्ती पाच फेऱ्यांत काम करते. पहिल्या फेरीत सर्व आयनोड व त्यांचे खंड, दुसरीत निर्देशिकांची रचना, तिसरीत त्यांचा मुळाशी असलेला संबंध, चौथीत दुव्यांची संख्या व पाचवीत रिकाम्या जागेचे नकाशे तपासले जातात. ज्या फाइलींची नावे हरवली आहेत परंतु आयनोड शाबूत आहेत, त्या ‘लॉस्ट+फाउंड’ या निर्देशिकेत आयनोडच्या क्रमांकाने ठेवल्या जातात. त्यांची मूळ नावे परत मिळत नाहीत. मजकूर पाहून ती ओळखावी लागतात.

सुरुवातीच्या वेळी हा कार्यक्रम केवळ निर्धोक दुरुस्त्या आपण होऊन करतो. त्यापलीकडचा दोष आढळल्यास तपासणी हाताने करण्याची सूचना देऊन तो थांबतो. वाचन-लेखन अवस्थेत जोडलेल्या प्रणालीवर तो कधीही दुरुस्तीसाठी चालवू नये, कारण कार्यक्रम व कर्नेल एकाच वेळी परस्परांच्या नकळत त्याच नोंदी बदलू लागतात. मूळ प्रणालीसाठी सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे दुसऱ्या माध्यमावरून संगणक सुरू करून, ती न जोडलेल्या स्थितीत तपासणे. ते शक्य नसल्यास एकवापरकर्ता अवस्थेत, केवलवाचन असतानाच तपासणी करावी व काही दुरुस्ती झाल्यास संगणक ताबडतोब पुन्हा सुरू करावा. जुन्या युनिक्समध्ये अशा वेळी ‘सिंक’ न करता सुरू करण्याची ठळक सूचना मिळत असे, कारण स्मृतीतील जुना सुपरब्लॉक नुकत्याच दुरुस्त केलेल्या सुपरब्लॉकवर लिहिला जाण्याचा धोका होता. कार्यक्रमाचा निकाल त्याच्या निर्गमसंकेतावरून कळतो : ० म्हणजे दोष नाही, १ म्हणजे दोष दुरुस्त झाले, २ म्हणजे संगणक पुन्हा सुरू करावा, ४ म्हणजे काही दोष तसेच राहिले. अनेक गोष्टी घडल्यास या संख्यांची बेरीज मिळते.

दुरुस्तीपूर्वी ‘एन’ या पर्यायाने, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला नकार देऊन, एकदा तपासणी करावी व दोषांचा आवाका पाहावा. मोजके दोष असतील, तर पुढे जाण्यास हरकत नाही. हजारो दोषांची यादी सरकू लागली, तर थांबावे. सर्व प्रश्नांना होकार देणारा ‘वाय’ हा पर्याय अशा वेळी विशेष घातक असतो. या कार्यक्रमाचे उद्दिष्ट फाइल-प्रणाली सुसंगत करणे हे आहे, माणसाच्या फाइली वाचविणे हे नव्हे. न समजणारा आयनोड पुसून टाकल्यानेही सुसंगती साधते.

म्हणून तबकडी सदोष असल्याची शंका असल्यास आधी तिची संपूर्ण प्रत ‘डीडीरेस्क्यू’सारख्या कार्यक्रमाने निरोगी तबकडीवर घ्यावी. हा कार्यक्रम सुलभतेने वाचता येणारा भाग प्रथम उतरवितो व हट्टी क्षेत्रांवर नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मरणोन्मुख तबकडीवर अगोदर एफएससीके चालविल्यास तिच्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग तपासणीतच खर्ची पडतो. सर्व प्रयोग प्रतीवर, शक्यतो प्रतीच्याही प्रतीवर करावेत. मुख्य सुपरब्लॉक वाचता येत नसेल, तर ईएक्सटी प्रणालींत त्याच्या राखीव प्रती असतात. खंडाचा आकार ४,०९६ बाइट असल्यास पहिली प्रत सामान्यतः ३२,७६८ व्या खंडात व १,०२४ बाइट असल्यास ८,१९३ व्या खंडात मिळते. तो क्रमांक एफएससीकेला देऊन काम पुढे नेता येते.

इतर फाइल-प्रणालींचे वर्तन भिन्न आहे. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने विकसित केलेली एक्सएफएस ही गंभीर दोष आढळल्यास केवलवाचन न होता पूर्ण बंद होते, त्यामुळे वाचनही नाकारले जाते. तिच्या नावाचा एफएससीके कार्यक्रम काहीच न करता यशाचा संकेत देतो. खरी दुरुस्ती ‘एक्सएफएस रिपेअर’ या कार्यक्रमाने करावी लागते. नोंदवहीत न उतरलेले बदल असल्यास तोही काम करण्यास नकार देतो व प्रणाली एकदा जोडून काढण्यास सांगतो. नोंदवही पुसून टाकण्याचा पर्याय त्यात आहे, परंतु तो शेवटचाच उपाय मानावा. बीटीआरएफएसच्या बाबतीत अंतर्गत नोंदींसाठी जागा न उरल्यानेही केवलवाचन अवस्था येऊ शकते. तिचा दुरुस्ती-पर्याय जाणकाराच्या सल्ल्याविना वापरू नये, असे तिच्या निर्मात्यांनीच बजावले आहे.

हेतुपुरस्सर केवलवाचन : वरील सर्व प्रयत्नांपूर्वी ही अवस्था मुळातच अभिप्रेत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. सीडीवरून चालणारी लिनक्स वितरणे, जाळ्यातील मार्गक, अँड्रॉइड दूरध्वनींतील प्रणाली-विभाग यांत मूळ प्रणाली केवलवाचन ठेवण्याचा प्रघात आहे. अ‍ॅपलच्या मॅकओएस प्रणालीत २०१९ पासून प्रणालीच्या फाइली स्वतंत्र केवलवाचन विभागावर असतात. यामुळे अचानक वीज गेली तरी प्रणालीला धक्का पोहोचत नाही व घुसखोराला तीत कायमचा बदल करणे कठीण जाते. बदलणारी माहिती वेगळ्या विभागावर किंवा स्मृतीत ठेवलेली असते. स्मृतिपत्राच्या कडेची लहान सरकपट्टी लेखनबंद स्थितीत राहिल्यानेही संगणक लेखन नाकारतो, व त्यावर उपाय म्हणजे नखाने ती पट्टी परत सरकविणे एवढाच असतो.